पटावर अंगठा मागत नाहीत

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम लढतीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरविले. दिव्या १९ वर्षांची, हम्पी ३८ ची. हम्पी २००२ साली भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता.

पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावात. घड्याळ संपत आले असताना हम्पी चुकली आणि दिव्याने ती चूक सोडली नाही. का सोडावी? थोरली म्हणून नरमाईने खेळणे हा हम्पीचा अपमानच ठरला असता. हम्पीनेही पोर म्हणून सवलत दिली नव्हती. तिने हात मिळवून हार मान्य केली. याच विजयाने दिव्या ग्रँडमास्टर झाली.

आपल्याकडे थोरांचा मान म्हणजे पायावर डोके, असे शिकविले जाते. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्याच्या नावाने सरकार १९८५ पासून प्रशिक्षकांना पुरस्कार देते, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही! उलट विश्वनाथन आनंद पाहा. २०२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने अकादमी उभी राहिली. तिथे घडलेल्या गुकेशने सप्टेंबर २०२३ मध्ये आनंद यांचे ३७ वर्षांचे देशातील अव्वल स्थान घेतले. तरी आनंद त्याला शिकवीतच राहिले. २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला.

क्रीडा मंत्रालयाने निदान त्या पुरस्काराचे नाव तरी बदलावे, अशी आमची मागणी आहे.