दोन मुलगे, एक खोली

सीझनला अजून महिना आहे. तारकर्ली-देवबागला खोल्यांना रंग लागतायत, गाद्या उन्हात पडल्यात. अशात आमच्या भागातल्या निवास-न्याहारीवाल्यांच्या एका बैठकीत ठराव म्हणून नाही, पण 'सूचना' म्हणून एक गोष्ट पुढे आली. दोन मुलगे किंवा दोन मुली एकच बेड मागत असतील तर खोली देऊ नये. एक काका उठून म्हणाले, "तसली गिऱ्हायकां आमका नको. गावात पोरांटोरां हत." दोघे-तिघे हसले आणि विषय संपला. मी बोललो, पण तोवर चहा आला होता. म्हणून इथे लिहितोय. माझ्याही तीन खोल्या आहेत, तेव्हा बाहेरून आलेला माणूस उपदेश करतोय असं कोणी म्हणू नये.

आधी कायद्याचं बघू, कारण बैठकीत "पोलिसांचा त्रास नको" हे चारदा ऐकलं. पोलिसांना आपल्याकडून रजिस्टर नीट हवं असतं, ओळखपत्राची प्रत हवी असते, परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत भरलेली हवी असते. पाहुण्यांनी कुणाशेजारी झोपावं हा रकाना त्यात नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांच्या संमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, हे खरं. पण लग्नाचा हक्क मिळाला नाही म्हणून खोलीचा हक्क गेला असं होत नाही. आपल्याकडे लग्न न झालेले मुलगा-मुलगी राहतातच की! आणि पाहुणा तृतीयपंथी असेल तर २०१९ चा कायदा स्पष्टच आहे, राहण्याची सोय नाकारता येत नाही.

आणखी एक. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं हे शब्द मुद्दाम घातलेत. का घातलेत ते या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. आपल्याच आजोबांच्या काळात कुणाला कुठल्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळायचा, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता "धंदा बुडेल" याबद्दल. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर तोरेमोलिनोस नावाचं गाव आहे. मूळचं मासेमारांचं. ऊन, वाळू, मासळी, म्हणजे आपलंच वर्णन. १९५० नंतर तिथे युरोपातून पर्यटक यायला लागले, १९६० च्या दशकात तिथल्या एका बोळात समलिंगी लोकांचे बार उघडले. तेव्हा स्पेनवर फ्रँकोची हुकूमशाही होती, आणि १९७० मध्ये तर अशा लोकांना 'समाजाला धोकादायक' ठरवणारा नवा कायदाच आला. २४ जून १९७१ च्या रात्री पोलिसांनी त्या बोळात, पासाहे बेगोन्यात, धाड घातली. शंभराहून जास्त माणसं उचलली, त्यात परदेशी पर्यटकही होते. बार बंद झाले आणि जे गिऱ्हाईक येत होतं ते दुसरीकडे गेलं.

पुढे फ्रँको गेला. १९७७ च्या जूनमध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यावर पहिला मोर्चा निघाला, पोलिसांनी त्यावर लाठ्या चालवल्या. २००५ मध्ये त्याच देशाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली, जगात तिसरा. आज तोरेमोलिनोसला दर वर्षी प्राइड भरतो, आणि त्या बोळाला सरकारने स्मृतिस्थळ म्हणून मान दिलाय. बार्सिलोनाजवळचं सिट्जेस तर आपल्या सावंतवाडीएवढं शहर, पण जगभरातले असे प्रवासी त्याचं नाव घेतात. तिथेही चर्च आहे, म्हाताऱ्या बायका आहेत, गावात पोरंटोरं आहेत. गाव बुडालं नाही.

पण खरं सांगू, नुसता पैशाचा हिशेब मला फारसा आवडत नाही. 'हे लोक खर्च चांगला करतात, म्हणून घ्या' असं म्हटलं की उद्या खर्च न करणाऱ्याला हाकलायची सोय होते. मोपाला उतरणारा पाहुणा गोव्याकडे वळेल की आपल्याकडे, हा प्रश्न आहेच. पण तो दुसरा.

पहिला प्रश्न आपल्याच पोरांचा आहे. काका म्हणाले गावात पोरंटोरं आहेत. बरोबर आहे, आणि त्यातलीच काही 'तसली' आहेत. ती आकाशातून पडत नाहीत. बारावी झाली की मुंबई-पुणे गाठतात आणि गणपतीला चार दिवस येऊन "लग्न कधी?" हे ऐकून परत जातात. मुंबईत २००८ पासून मोठा मोर्चा निघतो, पुण्यात २०११ पासून. सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी जण मुखवटा लावून चालायचे. त्या मुखवट्यांआडून चालणाऱ्यांत आपल्या कोकणातलं कोणीच नसेल, असं छातीठोक सांगणारा मला भेटायचाय.

दशावतारात स्त्रीपार्टी नटाला आपण रात्रभर डोळ्यांत पाणी आणून बघतो. तो नट काही 'तसला' असतोच असं नाही, उगाच कोणी अर्थ काढू नका. मी एवढंच म्हणतोय की पुरुषाला साडीत बघून आपली संस्कृती बुडाल्याचं जत्रेत कुणाला आठवत नाही, रिसेप्शनवर मात्र लगेच आठवतं.

किनाऱ्यावर प्राइड भरवा असं मी म्हणत नाहीये. एखादी इव्हेंट कंपनी येणार, सहा रंगांचे फुगे लावणार, तिप्पट भावात बिअर विकणार आणि खोल्या मागताना पुन्हा हेच नाटक. त्यापेक्षा आधी साधी कामं होऊ देत. बुकिंगच्या फोनवर "मिस्टर आणि मिसेस का?" हा प्रश्न बंद. डबल बेड की दोन सिंगल, हे पाहुण्याने सांगायचं. नाश्ता वाढणाऱ्या पोराला सांगून ठेवायचं की टक लावून बघायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आणि शेजारच्याने येऊन "कोण आलेत रे?" विचारलं तर "पाहुणे" एवढंच सांगायचं.

माझ्याकडे या सीझनपासून असंच चालणार आहे. त्या सूचनेचा ठराव करायचा असेल तर पुढच्या बैठकीत लेखी आणा, खाली सह्या घ्या, मग मी तो वकिलाला दाखवतो. ज्यांना पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा, वाद घालू. फक्त आयाबहिणींवरून शिव्या नकोत, माझी आई हे पेज वाचते.