नटीचा पैसा खोटा काय?

लासूर स्टेशनच्या बाजारात घामाचा पैसा कोणी खोटा म्हणत नाही. मग नटीच्याच कमाईस नाके का मुरडावीत? १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटासाठी दादासाहेब फाळके यांस स्त्री मिळेना. अण्णा साळुंके हेच तारामती झाले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती व त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी होऊन उभ्या राहिल्या. पुढे गोखल्यांच्या घरी गेलेल्या कमलाबाईंनी वैधव्य आल्यावर रंगभूमीच्या कमाईवर मुले वाढविली. पुत्र चंद्रकांत व नातू विक्रम नामांकित नट झाले. नटास मान आणि नटीच्या चारित्र्याची चौकशी, हा कोणता न्याय? आमचे स्पष्ट मत असे की, जो गृहस्थ तिकीट काढून नटीचा खेळ पाहतो, त्याने स्वतःच्या कन्येची वाट अडविताना अब्रूचे नाव घेऊ नये.