चष्म्यावर चष्मा

'थ्रीडीत बघितल्याशिवाय मजा नाही,' असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, मजा नेमकी कशाची?

२००९ साली 'अप' आला. पिक्सारचा हा पहिलाच थ्रीडी चित्रपट. नंबरच्या चष्म्यावर त्यांचा काळा चष्मा चढवून मी तो पाहिला. फुग्यांनी घर उचललं तेव्हा उंची जाणवली, हे कबूल. पण सुरुवातीलाच कार्ल आणि एलीचा अख्खा संसार अवघ्या काही मिनिटांत, एक शब्दही न बोलता सरतो, तिथं डोळ्यांत पाणी आलं ते थ्रीडीमुळे नव्हे. उलट डोळे पुसायला दोन चष्मे काढावे लागले! पुढे घरच्या टीव्हीवर, सपाट पडद्यावर तोच प्रसंग पाहिला. पुन्हा तेच झालं.

शिवाय तो चष्मा निम्म्याहून अधिक उजेड खातो. जीव ओतून रंगवलेले फुगे मळकट दिसतात, आणि पोरांच्या इवल्या नाकावर चष्मा टिकत नाही तो नाहीच. जास्त पैसे मोजून कमी उजेड विकत घ्यायचा?

१९९५चा 'टॉय स्टोरी' २००९मध्ये थ्रीडी करून पुन्हा आणला. मला सांगा, वुडी त्याआधी काय निर्जीव होता?

मुलांना गोष्ट द्या. खोली गोष्टीत असली की पुरे.