ठिबकचा दाब भांड्याने मोजावा



गटात फिरताना ठिबकवाल्या सभासदांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते, "साहेब, धुऱ्याकडचा ऊस वाढूनच नाही राहिला, पाणी पोचत नाही." मग उपाय काय? तर मोटार दोन तास जास्त! त्याने मेनलाइनजवळच्या उसाला जादा पाणी होते, आपल्या काळ्या चिकण जमिनीत ते साचते, मुळांना हवा मिळत नाही, आणि धुऱ्याकडचा ऊस तरीही मागेच. माझे स्पष्ट मत असे, की तास वाढविण्यापूर्वी धुऱ्यावर दाब किती आहे हे पाहावे. फिल्टरजवळचे घड्याळ फक्त फिल्टरजवळचा दाब सांगते. तेही पुष्कळ ठिकाणी अडकलेलेच असते, ते निराळे.

छिद्रातून पडणारे पाणीच दाब सांगते. इटलीच्या टोरिसेलीने हे तत्त्व १६४४ साली छापले. पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब मोजणारा तोच. टाकीत १० मीटर पाणी असले तर तळाच्या छिद्रातून ते सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने सुटते. पाणी अडीच मीटर उरले तर वेग ७ मीटर. म्हणजे दाब पाव झाला, पण पाणी निम्मेच घटले. साखर कारखान्यात वाफेच्या नळीत भोकाची चकती बसवून, चकतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातील फरकावरून वाफ किती गेली ते काढतात. आपण तोच हिशेब उलटा करायचा.

साध्या ड्रिपरवर ताशी ४ लिटर लिहिलेले असेल, तर ते बहुधा १ किलो दाबाला असते. म्हणजे ३ मिनिटांत २०० मिलिलिटर. भांड्यात १६० पडले, तर १६० भागिले २००, म्हणजे ०.८. त्याला त्यानेच गुणा, दाब ०.६४ किलो. १४० पडले तर दाब निम्म्यावर आला, आणि १०० पडले तर पाव किलोच. पाणी थोडेच कमी दिसते, दाब मात्र फार गेलेला असतो!

पण एकाच ड्रिपरवर विसंबू नये. दर्यापूर-आकोटकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी क्षाराचे. तिथे भोक बुजूनही पाणी कमी पडते. शेजारचे चार-पाच ड्रिपर मोजा. एकच कमी असेल तर तो बुजला आहे. सगळेच सारखे कमी असतील तर दाबाचा दोष समजावा : फिल्टर धुवा, गळती शोधा, एकावेळी कमी व्हॉल्व्ह उघडा. दाब आपोआप सांभाळणारे महागडे ड्रिपर असतील, तर त्यांना मात्र हा हिशेब लागू नाही.

पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. नवा संच बसवून घेताना हे मोजमाप बसविणाऱ्याच्या समोरच करावे, अन् शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. तो म्हणेल, "भाऊ, कंपनीचा माल आहे, काही पाहू नका." आपण भांडे लावावे.

— ऊस विकास अधिकारी