फरशीला अ‍ॅसिडप्रूफ थर, माणसाला हातरुमाल

रासायनिक कारखान्यात अ‍ॅसिडच्या टाकीखालची जमीन साधी नसते. तिच्यावर अ‍ॅसिडप्रूफ विटा बसवतात, नाहीतर इपॉक्सी किंवा विनाइल एस्टर रेझिनचा काही मिलिमीटरचा थर चढवतात. टाकीभोवती भिंत बांधतात. तिला कंपनीत डाईक म्हणतात. टाकी फुटली तर सर्वांत मोठ्या टाकीतला सगळा माल त्या भिंतीच्या आत मावला पाहिजे, असा तिचा हिशेब असतो. हा खर्च कंपनी करते आणि तिने तो केलाच पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. त्या डाईकमध्ये साचलेला गाळ उपसायला जो कंत्राटी कामगार उतरतो, त्याच्या अंगावर काय असते? अनेक ठिकाणी तोंडाला बांधलेला हातरुमाल आणि पायात झिजलेली चप्पल. सिमेंटला अ‍ॅसिडपासून वाचवायचे हे ज्या व्यवस्थेला कळते, तिला माणसाची कातडी वाचवायची कळत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?

काही मित्र म्हणतील, हा इंजिनियरांचा विषय, चळवळीचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो समजायला थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागेल.

काँक्रीटमध्ये चुना असतो. सल्फ्युरिक अ‍ॅसिड त्यावर पडले की जिप्सम तयार होते, ते फुगते आणि काँक्रीटला तडे जातात. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तर चुना विरघळवूनच टाकते. म्हणून वर थर लागतो. पण एकच थर सगळ्या रसायनांना चालत नाही. सौम्य अ‍ॅसिडला टिकणारा साधा इपॉक्सी 98 टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडपुढे टिकत नाही. तिथे नोव्होलॅक इपॉक्सी किंवा विटांचे अस्तर लागते. काँक्रीट ओले असेल, त्यावर तेल किंवा धूळ असेल, तर थर नीट चिकटत नाही. नवे काँक्रीट चार आठवडे मुरावे लागते. थराला टाचणीच्या टोकाएवढे भोक राहिले तरी अ‍ॅसिड खाली उतरते. ते भोक डोळ्यांना दिसत नाही, विजेच्या ठिणगीची चाचणी करूनच सापडते.

आता हे काम सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला दिले तर काय होते? घासाघाशी टळते, चाचणी टळते, दोन हातांऐवजी एक हात मारला जातो. तपासणीच्या दिवशी फरशी चकाकते. एक-दोन पावसाळे गेले की पापुद्रे सुटतात, सांधे उघडे पडतात. कारखान्याच्या आतून सगळे ठीक दिसत राहते आणि जमिनीखाली विष उतरत राहते.

दुसरी चोरवाट आहे डाईकच्या झडपेची. कोकणासारख्या पावसात डाईक पाण्याने भरते. ते पाणी तपासून, गरज असेल तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाठवायचे असते, आणि एरवी झडप बंद ठेवायची असते. रात्री मुसळधार पावसात ती उघडली की सगळे नाल्यात. सकाळी नाल्याला फेस, विहिरीला वास. आणि नाल्याच्या काठावर वस्ती कोणाची असते, हे मी आंबेडकरी तरुणांना सांगायची गरज नाही. गावाची उतरती, पाणथळ, नको असलेली जमीन आपल्या वाट्याला का आली, हा इतिहास आपल्याला पाठ आहे.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. दरवर्षी आपण तिथे जातो, ओंजळ भरतो. त्याच महाडजवळ, सावित्रीच्या खोऱ्यात, आज रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी उभी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली आणि 11 कामगारांचा जीव गेला. आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा कारखान्याच्या फाटकावर जाऊन प्रश्न विचारला? 1927 चा प्रश्न होता, या पाण्याला हात लावायचा अधिकार कोणाला? आजचा प्रश्न आहे, या पाण्यात काय सोडले जाते आणि ते कोणाच्या घशाखाली उतरते? दोन्ही प्रश्न पाण्यावरच्या समान हक्काचेच आहेत.

कामगाराचा प्रश्नही जुनाच आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण तिथे सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. चांगल्या पगाराचे खाते एकाकडे, कमी पगाराचे दुसऱ्याकडे. आज विटाळाचे नाव कोणी काढत नाही. कंट्रोल रूममध्ये कायम नोकरी, डाईकमध्ये उतरायला ठेकेदाराची माणसे, अशी वाटणी आपोआप झाल्यासारखी दाखवतात. थर लावणाराही तोच. विनाइल एस्टरमधून स्टायरीनची वाफ निघते, ती डोके गरगरवते आणि पेटही घेते. इपॉक्सीच्या हार्डनरने हाताची कातडी सोलून निघते, एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे थोड्या संपर्कानेही उसळते. जो थर कारखान्याला वाचवतो, तो लावताना कामगार आजारी पडतो, आणि त्याचे नाव कंपनीच्या रजिस्टरमध्ये नसते.

1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती त्याच काळातली. भोपाळच्या 1984 च्या संहारानंतर, 1987 मध्ये कारखाना कायद्यात धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक झाले.

आणि आता उलटी गंगा वाहते आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड ठेवला. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सुरक्षा संहितेत कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा 20 वरून 50 कामगारांवर गेली. म्हणजे 49 माणसे ठेवणारा ठेकेदार त्या तरतुदींतून सुटला. बड्या कारखान्याला 15 लाख म्हणजे किती? अनेकदा एका डाईकला नीट थर लावण्याच्या खर्चापेक्षा कमी. मग थर लावण्यापेक्षा दंड भरणेच परवडते.

‘कारखाने गेले तर रोजगार जाईल’ हे उत्तर आपल्याला नेहमी दिले जाते. कारखाना हटवा असे कोणी म्हणत नाही. बाबासाहेब उद्योगीकरणाचे समर्थक होते, कारण गावगाड्यातून सुटकेची ती वाट होती. त्या वाटेवर पुन्हा तीच उतरंड उभी राहत असेल, तर तिला विरोध करणे हेच आपले काम आहे.

म्हणून तरुणांनो, 20 मार्चला महाडला जाल तेव्हा अभिवादनासोबत कामही करा. आपल्या जिल्ह्यातल्या एमआयडीसीचे कारखाने निवडा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. डाईकची शेवटची तपासणी कधी झाली? त्यात काय आढळले? पावसाचे पाणी कुठे सोडतात? कंत्राटी कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली का? 1989 च्या घातक रसायन नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आसपासच्या लोकांना माहिती द्यायची असते, ती आपल्या वस्तीला मिळाली का? आपल्यात केमिस्ट्री शिकलेली, डिप्लोमा केलेली, सेफ्टी ऑफिसर झालेली मुले-मुली आहेत. त्यांनी वस्तीत बसून हे कागद वाचून दाखवावेत.

शिक्षणाचा उपयोग नोकरीपुरता ठेवला तर फरशीची किंमत माणसापेक्षा जास्तच राहील. ती उलटवायची असेल तर फरशीची भाषा आपल्याला यायला हवी.

जय भीम!