विश्लेषण : धडक बसलेला जुना टेम्पो गल्लीतच दुरुस्त करावा का? मर्यादा कुठे आखायची?

दादरच्या फुलबाजारात पहाटे माल उतरवणारा, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत मिरचीची पोती पोहोचवणारा, भाद्रपदात परळच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती नेणारा पिकअप टेम्पो मध्य मुंबईत सगळ्यांना लागतो. असा दहा-बारा वर्षे जुना टेम्पो पुढून आदळला, की मालकापुढे तीन वाटा असतात. मोठ्या गॅरेजला द्यायचा, भंगारात काढायचा किंवा ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून चाळीसमोरच उघडायचा. अनेक जण तिसरी वाट धरतात. ती सरसकट चुकीची नाही. मात्र ती कुठे थांबली पाहिजे हे ठरलेले नाही आणि खरा धोका तिथेच आहे.

प्रश्न नेमका कोणाचा?

हॅम्बर्गच्या एका जर्मन वाहनाचे ‘टेम्पो’ हे नाव पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीमुळे (आजची फोर्स मोटर्स) मराठीत रुळले. पुढे १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजेच ‘छोटा हत्ती’ आला. बोलेरो पिकअपही गल्लोगल्ली दिसू लागली. यातील बहुतांश गाड्या एकेकट्या मालकांच्या आहेत. मालकच चालक असतो आणि गाडी उभी राहिली की त्याचा रोज बुडतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे धडकेनंतर त्याचा पहिला प्रश्न ‘गाडी परत कधी चालू होईल’ हा असतो. ‘गाडी सुरक्षित आहे का’ हा प्रश्न मागे पडतो. यात बेफिकिरीपेक्षा नाइलाज अधिक आहे.

विम्यातून किती मिळते?

अनेकदा मालकाच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, पण त्यातून समोरच्याचे नुकसान भरून निघते, स्वतःच्या गाडीचे नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी व्यावसायिक वाहनांसाठी एक मेख आहे. दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांची भरपाई मूळ विम्यात मिळत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून ‘आयएमटी २३’ हे कलम घ्यावे लागते. समोरून धडक बसल्यावर आधी मोडतात ते नेमके हेच भाग.

पुढे घसारा येतो. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के आणि प्लास्टिक-रबरच्या भागांवर वय काहीही असले तरी ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे १२ वर्षांच्या गाडीत २० हजार रुपयांचा धातूचा भाग बदलला, तर हिशेबात १० हजारच धरले जातात. सक्तीची वजावट त्याहून वेगळी. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. एवढे करून हाती फार काही येत नसेल, तर मालक दावा न करता गल्लीतला मेकॅनिक गाठतो. हे सरळ व्यवहाराचे गणित आहे. दावा करायचाच असेल, तर मात्र सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत पत्रा ठोकून सरळ करू नये.

घरी काय दुरुस्त होऊ शकते?

बरेच काही. पिकअपची बांधणी शिडीसारख्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर असते. केबिन आणि हौदा त्यावर बोल्टने बसवलेले असतात. त्यामुळे बंपर, पुढची जाळी, दिवे, मडगार्ड आणि बॉनेट हे भाग साध्या पान्यांनी निघतात आणि नवे बसवता येतात. पत्रा काढणे, लांबी भरणे, रंग मारणे ही कामे गल्लीतले कारागीर पिढ्यान् पिढ्या उत्तम करत आले आहेत. दिवे बदलल्यावर त्यांचा झोत नीट बसवावा लागतो. नाहीतर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

दुसरा थर रेडिएटर, पंखा आणि पाण्याच्या पाइपांचा. बॉनेटवाल्या पिकअपमध्ये धडकेत रेडिएटर मागे सरकतो आणि पंख्याचे पाते त्याला लागते. रेडिएटर बदलणे अवघड नाही, पण गळती राहिली तर इंजिन तापते, हेडचा गॅस्केट जातो आणि पाच-सहा हजारांत आटोपणारे काम अर्ध्या इंजिनावर जाते. इंजिन ज्या रबरी बैठकींवर बसते, त्या तुटल्या आहेत का हेही याच वेळी पाहावे.

ही कामे करताना काही पथ्ये सोडू नयेत. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नये, लोखंडी स्टँड लावावेत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात. गाडी सीएनजीवर असेल तर वेल्डिंगचा विषयच गल्लीत काढू नये. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने वायू असतो. दाटीवाटीच्या चाळींमध्ये त्याच्याशी खेळ परवडणारा नाही.

मर्यादा कुठे आखायची?

चासी, पुढचा आस, स्टिअरिंग आणि ब्रेक. धडकेचा परिणाम या चारांपैकी कशावरही झाला असेल, तर गल्लीतले काम तिथेच थांबले पाहिजे. वाकलेली चासी गॅसच्या ज्योतीने लाल करून घणाने सरळ करण्याची पद्धत सर्रास दिसते. ती दिसायला यशस्वी असते, पण तापवलेल्या जागी पोलादाची मूळ ताकद राहत नाही. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला छिद्र पाडू नये, वेल्डिंग करू नये, हा ट्रकनिर्मात्यांच्या दुरुस्ती पुस्तिकांमधला सर्वसाधारण नियम आहे. गाडीवरचा सगळा भार याच पट्ट्या पेलतात.

चपट्या तोंडाच्या टेम्पोत हा धोका आणखी जवळ असतो. पुढच्या पत्र्यामागे लगेच चालकाचे पाय असतात, मध्ये बॉनेट नसते. प्रवासी गाड्यांना ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’चे तारे मिळतात, मालवाहू टेम्पो त्या चाचणीच्या कक्षेतच नाहीत. म्हणजे नव्या टेम्पोच्या सुरक्षेविषयीही ग्राहकाला फारसे कळत नाही. लांबी आणि रंगाखाली दडलेल्या जुन्या टेम्पोविषयी तर काहीच नाही.

सांगाडा वाकला हे कसे ओळखायचे?

त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. पहिली तपासणी टेप, ओळंबा आणि खडूने होते. डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर मोजावे, मग उजव्या बाजूचे. पुढची चाके सरळ असताना ही दोन्ही अंतरे जुळली पाहिजेत. त्यानंतर चासीवर दोन्ही बाजूंना समोरासमोर असणारी चार ठिकाणे निवडून तिथून ओळंबा सोडावा, जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि तिरके कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर सांगाडा तिरका झाला आहे.

चालवतानाही लक्षणे कळतात. स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो, ब्रेक दाबल्यावर तोंड वळते, दरवाजा पूर्वीसारखा बसत नाही. यातले एकही लक्षण असेल, तर चासी सरळ करण्याची साधने असलेल्या कार्यशाळेतच गाडी न्यावी. ही तपासणी मालकाने स्वतः केली, तर मेकॅनिकच्या ‘चालतंय’वर विसंबून राहावे लागत नाही.

सुटे भाग कुठले घ्यावेत?

गिरगावला लागून असलेल्या ऑपेरा हाऊस परिसरात सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे, तर वापरलेल्या भागांसाठी चोरबाजार आणि कुर्ला ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. इथे एक साधा नियम पाळता येतो. मडगार्ड, बॉनेट, जाळी असे पत्र्याचे भाग जुने चालतील. स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेकचे भाग मात्र नवे आणि बिलासहितच घ्यावेत. बिलामुळे चोरीचा माल गळ्यात पडण्याचा धोकाही कमी होतो.

कायदा काय सांगतो?

मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ‘पासिंग’ आवश्यक असते. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम काटेकोरपणे लावला. चासीवर तर गाडीचा क्रमांकच कोरलेला असतो, त्यामुळे ती परस्पर कापणे किंवा बदलणे महागात पडू शकते.

रस्त्यावर गाडी उघडणे हाही प्रश्न आहे. सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन कलम १२७ नुसार उचलता येते. मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ ने रस्त्यातील अडथळे हटवण्याचा अधिकार पालिकेला दिला आहे. म्हणजे जागा अडवणाऱ्या गाडीवर कारवाईची तरतूद आहे, पण चुकीच्या दुरुस्तीकडे पाहणारी नजर नाही. पासिंगची तारीख धडकेच्या तारखेशी बांधलेली नसते. पासिंगनंतर आठवड्याने धडक बसली, तर पुढची ठरलेली तपासणी थेट वर्षभराने.

पद्मिनी टॅक्सीने काय दाखवले?

मुंबईला रस्त्यावरच्या दुरुस्तीचा मोठा अनुभव आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबल्यानंतरही तिच्या टॅक्सी दोन दशके धावत राहिल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सींसाठीची २० वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती इतिहासजमा झाली. तिला थांबवले ते वयाच्या नियमाने. गल्लीतले मेकॅनिक तोवर तिला चालवतच होते. कारागिरांचे हे कौशल्य खरे आहे, त्याला हिणवून चालणार नाही. पण पद्मिनी ही प्रवासी गाडी होती. टनभर माल लादून उड्डाणपूल चढणाऱ्या वाहनाची जोखीम वेगळी असते.

मग जुनी वाहने भंगारातच का काढू नयेत?

हा आक्षेप गंभीर आहे. जुनी डिझेल वाहने हवा बिघडवतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या प्रदूषणाची दखल घेतली आणि पाठोपाठ राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे पाहण्यासाठी समिती नेमली. केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार जुने वाहन अधिकृत केंद्रात मोडीत काढल्यास नव्या व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल आणि चासीही वाकली असेल, तर मोडीत काढणेच शहाणपणाचे.

मात्र दहा वर्षांच्या टेम्पोचा केवळ बंपर आणि रेडिएटर गेला म्हणून त्याला बाद ठरवणे हा उपाय नव्हे. नव्या गाडीचे कर्ज सर्वांना झेपत नाही. त्यामुळे दुरुस्ती थांबत नाही, फक्त लपून होते. आणि लपून झालेली दुरुस्ती अधिक धोकादायक.

शहराने काय करावे?

डोळेझाक आणि कारवाई यांच्या मध्ये तिसरा मार्ग आहे. पालिकेच्या सार्वजनिक वाहनतळांमध्ये काही जागा दुरुस्तीसाठी ठेवता येतील. तिथे सपाट, तेल न झिरपणारी जमीन, स्टँड आणि वापरलेल्या तेलाचा पिंप असावा, तासावर माफक भाडे घ्यावे. चाळी पाडून उभ्या राहणाऱ्या टॉवरच्या पोडियममध्ये टेम्पोला जागा नाही, त्यामुळे ही गरज वाढतच जाणार आहे.

दुसरे म्हणजे धडकेनंतरची चासी, स्टिअरिंग आणि ब्रेक यांची ऐच्छिक, स्वस्त तपासणी. मोटार मेकॅनिक अभ्यासक्रम चालवणाऱ्या शासकीय आयटीआय ती करू शकतात. दंडाची भीती नसेल तर मालक स्वतःहून येतील आणि विद्यार्थ्यांनाही खरे काम शिकायला मिळेल.

तिसरी जबाबदारी कंपन्यांची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ वाहन कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारातून अडवल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश होता. चासीची मूळ मापे प्रत्येक मेकॅनिकला मोबाइलवर मराठीत मिळाली, तर ओळंबा आणि टेपने केलेली तपासणीही अचूक होईल. गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाताला सवय आहे. त्याच्याजवळ मापे नाहीत आणि कुठे थांबायचे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. या दोन गोष्टी पुरवल्या, तर टेम्पोवाल्याचा रोज वाचेल आणि त्याच्यापुढून रस्ता ओलांडणाऱ्याचा जीवही.