वीस गुणांची बोलती बंद

मराठी माध्यमातल्या दहावीच्या मुलाला विचारून बघा, इंग्रजीचा पेपर कसा सोडवणार? तो प्रश्नाप्रश्नाने अख्खा पेपर उलगडून दाखवेल. लेखी 80 गुण, वेळ तीन तास, प्रश्नपत्रिकेचं नाव आता कृतिपत्रिका. पहिला प्रश्न भाषाभ्यासाचा, तो आधी उरकायचा. शेवटचा भाषांतराचा पाच गुणांचा, तो काही झालं तरी सोडायचा नाही. पत्रात पत्ता, तारीख, मायना जागच्या जागी बसला की निम्मी लढाई जिंकली. हे सगळं तो मराठीत सांगेल, आणि अगदी बिनचूक सांगेल.

कवितेचं रसग्रहण म्हणजे या तयारीचा कळस. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, अशी ठरलेली वाट. अलंकार सुचला नाही तर अनुप्रास लिहावा, कुठे ना कुठे तो सापडतोच. ‘कुमारभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवात रवींद्रनाथांच्या निर्भय मनाच्या प्रार्थनेने होते आणि तिचं रसग्रहण मुलं नापास होण्याच्या भीतीने पाठ करतात. रवींद्रनाथांना शाळा का नकोशी झाली असेल, याचं उत्तर त्यांच्याच कवितेच्या तयारीत मिळावं, ही गंमतच.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, ती हिशेबाला पक्की आहेत. लेखी आणि तोंडी मिळून 35 गुण पडले की विषय सुटला. तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेच्या हातात. त्यातले 18 पदरात पडले की लेखीत उरतात 80 पैकी 17. सतरा गुणांसाठी कुणी भाषा शिकत नाही, सतरा गुणांची सोय करतो.

एरवी लेखी परीक्षा पूर्वीपेक्षा सुधारली आहे. पुस्तकाबाहेरचा उतारा येतो, माहितीवरून तक्ता करायचा असतो, थोडं डोकं चालवावं लागतं. माझा प्रश्न त्या उरलेल्या 20 गुणांचा आहे. भाषा कानाची आणि जिभेची असते, हे आपल्या परीक्षेत फक्त तिथेच मान्य केलेलं आहे. आणि नेमके तेच गुण आपण खिरापतीसारखे वाटतो. बाई नाव विचारतात, गाव विचारतात, मूल पाठ केलेल्या चार ओळी म्हणून मोकळं होतं. कुठे कुठे तेवढंही होत नाही, नुसता तक्ता भरला जातो. गुण देणारे आपल्याच शाळेचे आणि निकालाची टक्केवारीही आपल्याच शाळेची. मग हात आखडता कोण घेणार?

मार्च 2019च्या परीक्षेत हे गुण काढून टाकले गेले. भाषेचा पेपर पूर्ण 100 गुणांचा झाला, अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदललेला. राज्याचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता, तो 77.10 टक्क्यांवर आला. एकच ओरड झाली. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडतील, हा पालकांचा मुद्दा खराही होता. गुण परत आले आणि 2020 साली निकाल 95.30 टक्के लागला. अर्थात त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्या सगळ्या गदारोळात गुण गेले, गुण आले, एवढंच बोललं गेलं. मुलं इंग्रजीत किती बोलतात, हे विचारण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. सन 2000पासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीच्या मुलामागे दहा वर्षांचं इंग्रजी असतं. दहा वर्षांनंतर त्याला अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोलता येतं का, ही साधी कसोटी आहे. तोंडीच्या अठरा गुणांवरून तिचं उत्तर कळत नाही.

उपाय फार अवघड नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकांना बाहेरचे परीक्षक येतातच. दहावीच्या तोंडीला शेजारच्या शाळेतले शिक्षक पाठवावेत. चाळीस मुलांचा वर्ग, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांच्या आत काम आटोपतं. विषयही रोजचेच असावेत: एसटी चुकली तर काय केलंस, दवाखान्यात काय सांगशील, आवडता सिनेमा का आवडला. व्याकरण चुकलं तरी चालेल, मुद्दा पोहोचला पाहिजे. परीक्षेत बोलावं लागणार म्हटलं की वर्गातही बोलणं सुरू होईल. आपल्याकडे शिकवण्याची दिशा परीक्षाच ठरवते, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे.

सुरुवातीला निकाल थोडा घसरेल. घसरू दे. दहा वर्षं शिकवूनही मूल बोलायला लागलं नाही, हे निदान आपल्याला दहावीत कळेल आणि त्यावर काही करायला हातात वेळ असेल. आज ते पहिल्यांदा कळतं नोकरीची मुलाखत घेणाऱ्याला, आणि तिथे अनुप्रास चालत नाही.